दुखत नाही, तरी दाढ किडलेली? नक्की ओळखतात कसं?

अबोली (धागालेखिका)

मुलगा ८ वर्षांचा आहे, तिसरीत. गेल्या महिन्यात शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. दप्तरातून चिठ्ठी आली. तिच्यावर दातांचं छापील चित्र, खालच्या डाव्या बाजूच्या एका दाढेभोवती गोल, शेजारी '३६' आणि 'कीड'. बाकी काहीच नाही.

घरी खिडकीत उभं करून, वर मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. दाढेच्या खाचेत तपकिरी बारीक रेघ दिसते, टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारखी. भोक नाही. दुखतं का विचारलं तर नाही म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, दुधाची दाढ आहे, आपोआप पडेल, पोराला कशाला टोचायला नेता.

तरी दोन ठिकाणी दाखवून आणलं. पहिल्या दवाखान्यात तोंड उघडायला लावून मिनिटभरात सांगितलं, नुसता डाग आहे, काही करू नका. दुसरीकडे टोकदार हत्याराने खाच टोकरली, ते जरासं अडकलं, आणि म्हणाले की ही भरावी लागेल, शेजारच्या दोनही बघू. दोन दिवसांच्या अंतराने दोन डॉक्टर, एकच तोंड, आणि उत्तरं अगदी उलटी.

खर्चाचा प्रश्न नाही. चांगली दाढ उगाच कोरली जायला नको आणि किडलेली राहूनही जायला नको. दुखत नसेल तर कीड आहे हे कळतं कसं? नुसत्या डोळ्यांनी कळतं का? एवढ्या लहान मुलाचा एक्सरे काढावा का? इथे कुणी दंतवैद्य असतील तर कृपया लिहा.


मुळामुठा

दुखायची वाट बघू नका, एवढंच सांगतो. माझी दाढ दोन वर्षं गार पाण्याने शिणशिणायची. मी त्या बाजूने गार पिणं सोडलं आणि प्रश्न सुटला असं समजलो. मग अधूनमधून शिणशिणणंही थांबलं, तेव्हा तर बरं झालं असंच वाटलं. सहा महिन्यांनी एका रात्री दीड वाजता कळ आली ती पहाटेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, शिणशिणणं थांबलं तेव्हा दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती.


कृष्णाकाठ

अबोलीताई, मी दंतवैद्य आहे, नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी १९ वर्षं दवाखाना चालवतो. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

आधी सासूबाईंचं बोलणं, कारण हा समज घरोघरी आहे. ३६ हा दाताचा पत्ता आहे. ३ म्हणजे खालची डावी बाजू, ६ म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात. ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला ती दुधाच्या दाढांच्या मागे येते आणि तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. दात पडला नाही, म्हणून नवा आलाय हे आईवडिलांच्या लक्षातच येत नाही. चिठ्ठीवर ७४ किंवा ७५ असतं तर ती दुधाची दाढ झाली असती. ३६ त्याला म्हातारपणापर्यंत वापरायची आहे.

आता दुखत नाही तरी कीड कशी. दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज आहे आणि त्यात नस नाही. जिथे नसच नाही तिथे दुखणार काय? दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जिवाणू आपल्या तोंडातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि खनिज परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. मूल दर तासाला एक बिस्किट खात असेल तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. म्हणून मी पालकांना गोड किती खातो हे नंतर विचारतो, दिवसातून किती वेळा खातो हे आधी विचारतो.

या कामाची पहिली खूण भोक नसते, काळा डागही नसतो. ती असते पांढरा डाग, खडूसारखा, चमक गेलेला. आणि तो ओल्या दातावर दिसतच नाही. लहानपणी ओल्या पाटीवर पेन्सिलीने लिहून पाहिलं असेल. पाटी ओली असेतो अक्षर दिसत नाही, वाळली की उमटतं. तसंच. खनिज निघून गेलेल्या जागी सूक्ष्म पोकळ्या झालेल्या असतात, त्यांत पाणी भरलेलं असलं की प्रकाश सरळ जातो, हवा भरली की विखुरतो आणि जागा पांढरी दिसते. म्हणून तपासण्याची रीत अशी: आधी ब्रशने दाढ स्वच्छ करायची, कापसाचा बोळा लावून लाळ अडवायची, मग पाच सेकंद हवा मारायची आणि चांगल्या उजेडात बघायचं. वाळवल्यावरच डाग दिसला तर झीज वरवरची. ओल्या दातावरही दिसत असेल तर खोल गेलेली. पांढरा डाग या टप्प्यावर कोरायचा नसतो. फ्लोराइड आणि खाण्यापिण्याची शिस्त यांनी तो तिथेच थांबवता येतो.

त्या टोकरण्याबद्दल. आम्हाला कॉलेजात तसंच शिकवलं होतं: हत्यार अडकलं की कीड. पण निरोगी खाचसुद्धा अरुंद आणि खोल असते, टोक तिच्या आकारामुळेही अडकतं. शिवाय पांढऱ्या डागावरचा वरचा पापुद्रा शाबूत असतो, दुरुस्ती त्याच्याच आधाराने व्हायची असते. टोकदार हत्यार दाबलं की तोच फुटतो आणि नव्हतं तिथे भोक पडतं. आता टोकाला बारीक गोळी असलेलं हत्यार मिळतं, ते डागावरून नुसतं अलगद फिरवायचं. खरखरीत आणि मऊ लागलं तर कीड चालू आहे. गुळगुळीत, कडक आणि चकचकीत लागलं तर ती कधीतरी येऊन थांबलेली आहे, मग रंग कितीही काळा असो.

त्या तपकिरी रेघेवरून 'काहीच नाही' म्हणणंही घाईचं आणि 'भरा' म्हणणंही घाईचं. रेघेच्या दोन्ही कडांना खडूसारखी किनार आहे का, खालून करडी सावली दिसते का, हे वाळवून बघायला हवं.


चाफेकळी

डॉक्टर, फार छान समजावलंत. मला एक्सरेची भीती वाटते. माझ्या मुलीच्या वेळी मी नकोच म्हटलं होतं. दात दिसतोय की समोर, मग फोटो कशाला?


कृष्णाकाठ

चाफेकळी, दाढेचा वरचा भाग दिसतो. दोन दाढा जिथे एकमेकींना चिकटतात तो भाग दिसत नाही, तिथे आरसाही पोचत नाही. आणि मुलांमध्ये दुधाच्या दोन दाढांच्या मधली ती जागा किडण्याची फार आवडती जागा आहे. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, नस जवळ असते, त्यामुळे वरून अखंड दिसणारी दाढ आतून पोखरलेली निघते.

त्यासाठी जो एक्सरे काढतात त्याला बाइटविंग म्हणतात. मूल एका छोट्या पट्टीवर दात दाबून धरतं आणि वरखालच्या दाढांची डोकी एकाच चित्रात येतात. १९२५ साली हॉवर्ड रेपर या दंतवैद्यांनी ही पद्धत मांडली, आणि दोन दातांमधली कीड बघायला आजही तीच वापरतात. किरणांचं म्हणाल तर अशा एका चित्रात साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला काही न करता दिवसाला सरासरी तेवढेच मिळतात. तरी मी कारण नसताना काढत नाही. दाढांमध्ये फट असेल आणि बाजू डोळ्यांनी दिसत असेल तर गरजच नाही.

एक्सरेलाही मर्यादा आहे, तीही सांगतो. त्या जागेचं ३०-४० टक्के खनिज गेल्याशिवाय सावली दिसत नाही. म्हणजे चित्र स्वच्छ आलं तरी सुरुवात झालेली असू शकते. उलट सावली फक्त कवचापुरती असेल तर बहुतेक वेळा तिथे भोक पडलेलं नसतं, आणि अशी दाढ कोरायची घाई करू नये. सावली आतल्या थरात, डेंटिनमध्ये शिरली की गोष्ट वेगळी. शंका राहिलीच तर दोन दाढांच्या मध्ये रबराची बारीक रिंग दोन-तीन दिवस ठेवतात. दाढा किंचित सरकतात आणि प्रत्यक्ष बघता येतं.


वऱ्हाडचा पाहुणा

आमच्याकडे यवतमाळात गावोगाव मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग आहेत. पाण्यातल्या फ्लोराइडचे. डॉक्टरांनी पांढरा डाग म्हणजे कीड लिहिलंय ते वाचून आमची मंडळी घाबरतील, म्हणून विचारतो, फरक कसा करायचा?


कृष्णाकाठ

बरं झालं विचारलंत, हे राहिलंच होतं. फ्लोराइडचे डाग दात हिरडीच्या आत तयार होतानाच पडतात, त्यामुळे ते जोडीने असतात. उजव्या पटाशीला आहे तर डाव्यालाही तसाच. आडव्या रेषा किंवा ढगासारखे, कडा विरलेल्या, दाताच्या मोकळ्या भागावरही पसरलेले. किडीचा पांढरा डाग जिथे थर साचतो तिथेच बसतो: हिरडीच्या कडेने चंद्रकोरीसारखा, खाचेत, किंवा दोन दातांच्या मध्ये. त्याच्यावर बहुधा पिवळट थरही असतो.

काही मुलांच्या दातांवर हिरडीलगत काळी ठिपक्यांची ओळ असते. आया फार घाबरून येतात. तीही कीड नव्हे, विशिष्ट जिवाणूंमुळे पडणारा रंग आहे, आणि अशा मुलांना कीड कमीच आढळते. मोठ्यांमध्ये मशेरी, तंबाखू, चहा यांचे डाग असतात. हे साफ करून घेतले की खाली धड दात निघतो. तर नुसत्या रंगावर जाऊ नका.


रानवाटा

माझी आजी सांगायची की जत्रेत दातातली कीड काढणारे यायचे. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीने धूर दाढेला द्यायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढऱ्या अळ्या दाखवायच्या. आजीने स्वतः बघितल्या होत्या. शेवटपर्यंत तिचा विश्वास होता की दाढेत अळी असते. आपण 'कीड' म्हणतो ते त्यावरूनच का?


कृष्णाकाठ

आजींनी बघितलं ते खरंच होतं, फक्त ती अळी नव्हती. बी तापून फुटलं की आतला वाकडा पांढरा अंकुर बाहेर पडतो आणि पाण्यात अगदी अळीसारखा दिसतो. युरोपातही दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी हेच चालायचं. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना नाकारली. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्यांना किडा सापडला नव्हता. १८९०मध्ये मिलर या दंतवैद्यांनी जिवाणू आणि आम्ल यांचा संबंध मांडला. आपल्याकडे सुश्रुतांनी या रोगाला कृमिदंतक म्हटलंय. नावात कृमी आहे, पण वर्णन नेमकं आहे: काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा, स्रवणारा आणि काही निमित्त नसताना दुखणारा दात. यातलं शेवटचं लक्षण आजही माझ्या निदानाच्या केंद्रस्थानी आहे.

धाग्यावर मुळामुठांनी रात्रीच्या कळेचं लिहिलंय, म्हणून त्याबद्दल सविस्तर. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच मी तीन गोष्टी विचारतो. गार लागल्यावर सणक येते ती किती वेळ टिकते? आपोआप, काही न खातापिता दुखतं का? आणि आडवं झाल्यावर वाढतं का? गार लागून दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर आतली नस चिडलेली आहे पण वाचू शकते, कीड काढून भरली की बऱ्याचदा शांत होते. अर्धा मिनिट, मिनिटभर ठणकत राहिलं, रात्री झोपेतून उठवलं, तर नस वाचायची शक्यता कमी. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या बंद पेटीत सूज आलेल्या नसेला पसरायला जागा नसते, म्हणून रात्रीच कळ चढते.

एक पेशंट कधी विसरणार नाही. ऊसतोडीच्या हंगामातला एक तरुण, हातात थंड पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी घोट घ्यायचा, गालात त्या बाजूला धरायचा आणि डोळे मिटायचा. पाणी कोमट झालं की कळ परत. चार रात्री त्याने असंच काढलं होतं. गार पाण्याने बरं वाटतंय ही त्या नसेची शेवटची अवस्था. त्याने दाखवलं ती खालची दाढ ठणठणीत होती, कीड वरच्या दाढेत सापडली. एकाच बाजूचं वरचं आणि खालचं दुखणं माणसाला वेगळं ओळखता येत नाही, कारण दोन्हीकडची खबर एकाच मज्जातंतूच्या फांद्यांमधून जाते. उजवं-डावं मात्र सहसा चुकत नाही. म्हणून पेशंटने बोट ठेवलेल्या दाढेवर मी लगेच काम करत नाही. गार बोळा एकेका दाढेला लावून बघतो, आरशाच्या दांड्याने हलकेच टकटक करतो, आधी शेजारच्या चांगल्या दाढेवर, मग संशयितावर. गार काहीच कळत नाही पण ठोकल्यावर कळ येते, तर नस मेलेली आणि सूज मुळाच्या टोकापर्यंत गेलेली.

आणि सगळ्यांसाठी: गाल सुजला, जबड्याखाली घट्ट सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खात बसू नका.


सांजवेळ

मी ७१ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झालं. आयुष्यभर दात चांगले होते, आणि आता दीड वर्षात हिरडीच्या कडेने एकेक दात कापल्यासारखा होतोय. दुखत काहीच नाही. खालचा सुळा जेवताना तुटून हातात आला तेव्हा कळलं. तोंड सतत कोरडं, रात्री जीभ टाळूला चिकटते.


कृष्णाकाठ

काका, नमस्कार. तुमचं वाचून वाईट वाटलं. रेडिएशनने लाळेच्या ग्रंथींना इजा होते, आणि लाळ गेली की दाताचं संरक्षण गेलं. वयानुसार हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, आणि मुळावर एनॅमल नसतं. ते कमी आम्लानेही विरघळतं. म्हणून कीड हिरडीच्या कडेने चहूबाजूंनी फिरते आणि दात मुळापाशी तुटतो.

कृपया एक करा: कोणताही दात काढून घेण्याआधी, तो कितीही सैल असला तरी, रेडिएशन झालंय हे दंतवैद्याला सांगा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्या. त्या भागातलं हाड दात काढल्यावर भरून यायला अडचण येऊ शकते. जास्त ताकदीचं फ्लोराइड, त्याचे ट्रे, कोरड्या तोंडासाठीचे जेल हे लिहून घ्या, आणि तपासणी दर तीन महिन्यांनी. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्या आणि दात, दोन्हीकडे एकत्र बघा.


सांजवेळ

आभारी आहे डॉक्टर. रेडिएशनचं सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. परवाच एक दात काढायला जाणार होतो. आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करतो.


अबोली (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिसऱ्या ठिकाणी जाऊन आलो, सरकारी दंत महाविद्यालयात, लहान मुलांच्या विभागात. मी इथलं वाचून गेले होते म्हणून नीट बघत उभी राहिले.

शिकाऊ डॉक्टर मुलीने आधी ब्रशने दाढ साफ केली, गालात कापूस ठेवला, हवा मारली. माझ्या डोळ्यांसमोर त्या तपकिरी रेघेच्या कडेला पांढरी किनार उमटली. केसाएवढी, पण स्पष्ट. कापूस काढल्यावर लाळ आली आणि ती किनार पुन्हा नाहीशी झाली. तिने मोठ्या मॅडमना बोलावलं, त्यांनी गोळीच्या हत्याराने अलगद फिरवून पाहिलं. म्हणाल्या, सुरुवात आहे, भोक नाही, कोरायचं नाही.

मग त्यांनी मुलाला विचारलं, जेवताना कुठल्या बाजूने चावतोस? तो पटकन म्हणाला, उजव्या. डावीकडे शेव अडकते. मला हे माहीतच नव्हतं! रोज समोर बसून जेवतो, पण कधी लक्ष गेलं नाही. बाइटविंग काढला. ३६च्या आतल्या थरात काहीच नाही. पण पुढच्या दुधाच्या दोन दाढांच्या मध्ये, ७४ आणि ७५, जिथे वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिथे दोन्हीकडून काळे त्रिकोण एकमेकांकडे तोंड करून. ७५चा तर डेंटिनमध्ये पोचलेला. दुसऱ्या डॉक्टरांना शेजारच्या दोन दाढांची जी शंका आली होती ती बरोबर होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पडणारच आहेत तर भरायच्या कशाला, हे सासूबाईंचं वाक्य मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ७५ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. आता गेली तर मागची ३६ पुढे सरकेल आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाईल. दुधाच्या दोन्ही दाढा पुढच्या आठवड्यात भरायच्या ठरल्या. ३६च्या खाचेवर सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ थर, बसवलं आणि सगळ्या दातांना फ्लोराइडचा लेप दिला. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. रात्री ब्रश त्याच्या हातात द्यायचा नाही, आपण करायचा, वाटाण्याएवढी पेस्ट, १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेली, आणि ब्रशनंतर चूळ भरभरून पेस्ट धुवायची नाही, नुसती थुंकायची. हे शेवटचं आमच्या घरात कुणीच करत नव्हतं.

सासूबाईंना पडद्यावरचं चित्र मोबाईलवर काढून आणून दाखवलं. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, माझीपण ही मागची दाढ दाखवायची का एकदा?


कृष्णाकाठ

उत्तम झालं. कुठल्या बाजूने चावतोस, हा प्रश्न विचारणाऱ्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. भरल्यावर दोन-तीन दिवस गार लागलं तर घाबरू नका, वाढत गेलं किंवा रात्री रडला तर लगेच दाखवा. आणि सासूबाईंना नक्की न्या.


चाफेकळी

आत्ता मुलीला खिडकीत उभं करून पुढून मागे दात मोजले. सात वर्षांची आहे. सहावी आलेली आहे, चारही बाजूंना. आम्हाला पत्ताच नव्हता. सोमवारची वेळ घेतली आहे.